उंबरठ्याशी टपलेले मांजर

सकाळी साडेसहाला दूधवाल्याची बेल वाजते. सुनेचा हात अजून कडीपर्यंत पोहोचलेला नसतो, तोच चपलांच्या कपाटामागून एक राखी सावली सरकत येऊन दाराच्या चौकटीशी बसते. दार वीतभर उघडते. पिशवी आत येते आणि सावली बाहेर जाते. मग पदर सावरीत सून जिन्यात, तिच्यामागे अर्धवट गणवेश चढवलेला मुलगा आणि त्या दोघांच्या मागे आजोबांचा आवाज, ‘अरे, दार लावा आधी!’ सदनिकेत मांजर असलेल्या बहुतेक घरांना हा प्रसंग ओळखीचा आहे. दहा वेळा मांजर वरच्या मजल्याच्या पायरीवर सापडते आणि सगळे हसतात. अकराव्या वेळी ते सापडत नाही.

व्यापारी घराला मांजर नवे नाही. भुसार मालाच्या दुकानात, गुळाच्या वखारीत, कापडाच्या गठ्ठ्यांमागे त्याचा वावर पिढ्यान्‌पिढ्या होता. किंबहुना माणसाचे आणि मांजराचे नातेच धान्याच्या कोठारापासून जुळले, असे संशोधक मानतात. सायप्रस बेटावरील उत्खननात माणसाच्या शेजारी पुरलेले एक मांजर सापडले, ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे आहे. परंतु पेठेतल्या वाड्यातले मांजर कोणी ‘पाळलेले’ नसे. ते कौलांवरून येई, चौकात ऊन खाई, शेजारच्या वाड्यात पिल्ले घाली आणि मनास येईल तेव्हा निघून जाई. वाड्याचे दार दिवसभर उघडेच असल्यामुळे पळून जाण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. पुढे वाड्याच्या जागी सात मजली इमारत उभी राहिली, दाराला लॅच बसले आणि मांजर प्रथमच खऱ्या अर्थाने घरातले झाले.

हिंसक प्राणी घरात बाळगू नये, ही श्रावकाचारातील शिकवण अनेक जैन घरांत आजही पाळली जाते. त्यामुळे या घरांत मांजर बहुधा हौसेने विकत आणलेले नसते. ते दारी येऊन पडलेले असते. पावसाळ्यात पार्किंगमध्ये ओरडणारे पिल्लू नातवंडे रुमालात गुंडाळून वर आणतात, ‘फक्त आजची रात्र’ या बोलीवर परवानगी मिळते आणि सहा महिन्यांनी तेच पिल्लू आजीच्या आसनावर पसरलेले दिसते. आता त्याला पुन्हा रस्त्यावर सोडणे मनाला पटत नाही आणि कायद्यालाही मान्य नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणे पाळलेला जीव योग्य कारणावाचून वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा ठरतो.

मग घरातील ज्येष्ठांच्या तोंडी एक प्रश्न येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. जिवंत प्राण्याला दाराआड कोंडून ठेवणे हा दोष नव्हे काय? गृहस्थाच्या अहिंसाणुव्रताला लागणाऱ्या अतिचारांत प्राण्याला बांधून ठेवणे, मारणे आणि त्याचे अन्नपाणी तोडणे यांची स्पष्ट गणना आहे. या प्रश्नाचा विचार दाराच्या दोन्ही बाजूंनी करावा लागतो. बाहेर वाहने आहेत, कुत्र्यांची टोळकी आहेत, उंदरांसाठी ठेवलेले विष आहे. आणि बाहेर चिमण्या, खारी, सरडेही आहेत. पोट भरलेले मांजरसुद्धा शिकार करते, कारण त्याची शिकारीची प्रवृत्ती भुकेवर अवलंबून नसते. म्हणजे बंद दार मांजराला वाचवते तसेच मांजरापासून इतर जीवांनाही वाचवते. मात्र एवढ्याने प्रश्न पुरता मिटत नाही. घराचा पिंजरा होऊ नये आणि दारापासून दूर ठेवण्यासाठी मार, धाक किंवा उपासमार हे मार्ग वापरले जाऊ नयेत, ही अट उरतेच. सुदैवाने या अटीत राहून जे करता येते, तेच सर्वांत परिणामकारकही असते.

मांजर दाराबाहेर का धावते, हे आधी समजून घेतले पाहिजे. ‘त्याला इथे करमत नाही’ हा उतावळा निष्कर्ष होय. सदनिकेत दिवसभरात फारसे काही घडत नाही. जे काही घडते ते दारात घडते. नवे वास दारातून येतात, माणसे दारातून येतात, आणि ती आली की पहिले काम म्हणून वाकून मांजराच्या पाठीवरून हात फिरवतात, तेही दारातच. मांजराच्या दृष्टीने दार ही घरातली सर्वांत लाभाची जागा ठरते, आणि हा धडा घरच्यांनीच त्याला दिवसातून अनेकदा दिलेला असतो. शिवाय त्याला दार उघडण्याची चाहूल माणसाच्या फार आधी लागते. माणसाच्या कानाची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झची; मांजराची ६० किलोहर्ट्झच्याही पलीकडे जाते. लिफ्ट मजल्यावर थांबल्याचा खटका, किल्लीच्या जुडग्याची किणकिण हे सारे ऐकून ते केव्हाच जागा धरून बसलेले असते.

वेळेचाही भाग आहे. मांजर स्वभावतः पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वाधिक चपळ असते. ज्या घरात सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचा नियम आहे, त्या घराचे दार नेमके याच वेळी सर्वाधिक उघडते. दुकानातून वडील येतात, क्लासवरून मुले येतात, सगळ्यांना पाट गाठण्याची घाई असते, आणि त्याच अर्ध्या तासात मांजराच्या अंगात वारे भरलेले असते. अशा घरांनी सायंकाळच्या या गर्दीआधी दहा-पंधरा मिनिटे मांजराला दमवून घ्यावे. काठीला दोरी, दोरीला चिंधी बांधून ती जमिनीवरून सळसळत नेली तरी पुरे. खेळ संपताच त्याच्या पुढ्यात जेवण ठेवावे. झेप, पकड, आहार आणि मग अंग चाटून झोप, हा त्याचा नैसर्गिक क्रम आहे. घरचे जेवायला बसतात तेव्हा ते झोपेच्या वाटेवर असेल.

दारातले स्वागत मात्र सर्वांनी मिळून बंद करावे लागते आणि माणसांना हेच सर्वांत जड जाते. आत आल्यावर मांजराकडे न पाहता, न बोलता पुढे जावे, हातपाय धुवावेत आणि मग दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला, एका ठरलेल्या जागी, त्याचे हवे तेवढे लाड करावेत. ती जागा उंच असेल तर उत्तम; एखादे स्टूल किंवा खिडकीजवळची फळी चालते. मांजराला वरून टेहळणी करणे प्रिय असते. आठवडाभर हा नेम पाळला की बरीच मांजरे दार सोडून त्या जागेशी वाट पाहू लागतात.

याच जागेचा पुढे शिकवणीसाठी उपयोग होतो. मांजर शिकत नाही, हा समज खरा नाही. ते हुकमाने शिकत नाही, लाभाने शिकते, आणि व्यापारी घराला हे समजावून सांगण्याची गरज नसावी! प्रथम दाराशी काही संबंध न ठेवता स्टुलावर त्याच्या आवडीचे चार दाणे ठेवावेत आणि ते चढले की एखादा शब्द उच्चारावा: ‘जागेवर’. शब्द आणि स्टूल यांची सांगड बसली की बेलचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून हळू आवाजात वाजवावा आणि लगेच स्टुलावर दाणे टाकावेत. दार उघडू नये. बेल म्हणजे स्टूल, हे त्याच्या मनात ठसले पाहिजे. त्यानंतर कडीला हात लावावा, मग कडी काढावी, मग दार दोन बोटे उघडून मिटावे, मग घरातील एकाने बाहेर जाऊन परत यावे. प्रत्येक पायरीवर दाणे स्टुलावरच पडतात. एका वेळी तीन-चार मिनिटांहून अधिक घेऊ नये. एखाद्या पायरीवर मांजर दाराकडे धावले तर ते चुकले नाही; पायरी घाईने चढली गेली, एवढाच त्याचा अर्थ. एक पायरी मागे यावे. हा पाठ जेवणाच्या वेळेआधी घ्यावा, म्हणजे त्याला खाण्याची इच्छा असते. परंतु त्यासाठी त्याला उपाशी ठेवणे वर्ज्य समजावे. दाणे त्याच्या रोजच्या कोरड्या खाद्यातलेच असावेत. वाटीभर दुधाचे आमिष दाखवण्याचा मोह आवरावा, कारण पुष्कळशा प्रौढ मांजरांना दूध पचत नाही. दूध आणि मांजर यांची जोडी म्हणींतच अधिक शोभते.

दाराशी पाण्याची पिचकारी मारणे, टाळी वाजवून दचकवणे, पत्र्याचा डबा आपटणे असे उपाय कोणी कोणी सुचवतात. त्यांत मोठी गफलत आहे. भय उंबरठ्याशी जोडले जाते आणि उंबरठ्याला दोन्ही बाजू असतात. असे मांजर एखाद्या दिवशी निसटले, तर ज्या दाराशी त्याला नेहमी दचकवले गेले, त्याच दारातून परत येण्याचे धैर्य त्याला होत नाही.

आता खुद्द दाराविषयी. आपल्याकडील सदनिकांना लाकडी दाराबाहेर जाळीचे सुरक्षा दार असते. ही दोन दारे म्हणजे मांजरासाठी दुहेरी बंदोबस्त, असे वाटते खरे. परंतु बहुतेक ठिकाणी दोन्ही दारे एकाच चौकटीत काही इंचांच्या अंतराने बसवलेली असतात. एक लावून मग दुसरे उघडावे, एवढी जागा मध्ये नसतेच. या दाराचा खरा उपयोग निराळा आहे: बाहेरचे दार न उघडता बोलणे, पैसे देणे, ओळख पटवणे. त्याच्या गजांमधील फट मात्र पाहून घ्यावी. जिथून पिल्लाचे डोके जाते, तिथून त्याचे बाकीचे शरीरही जाऊ शकते. खालच्या दोन फुटांवर बारीक जाळी किंवा ॲक्रिलिकचा पत्रा बसवून घेणे हे सुताराचे तासाभराचे काम आहे. दिवाणखाना आणि आतील खोल्या यांच्यामध्ये दार असेल, तर खरा दुहेरी बंदोबस्त तिथेच होतो.

दार उघडण्याचे प्रसंगच कमी करणे हा एक सोपा उपाय लोक विसरून गेले आहेत. बाहेरच्या कडीला कापडी पिशवी टांगून ठेवण्याची जुनी पद्धत पुन्हा सुरू केली, तर सकाळचे दूध आणि वर्तमानपत्र यांसाठी दार उघडावे लागत नाही; घरचे सावध असताना, मांजर कुठे आहे ते पाहून, पिशवी आत घेता येते. कुरिअरवाल्याला पार्सल दाराबाहेर ठेवण्यास सांगावे. बाहेरून आत येताना दार अंगापुरतेच उघडावे, नजर आधी खाली टाकावी आणि हातातली पिशवी किंवा बॅग पायांपुढे धरून आत शिरावे. दुकानातून डबा नेण्यास येणारा मुलगा, घरकामाच्या मावशी, शेजारची मुले या सर्वांना हे एकदा प्रेमाने दाखवून द्यावे लागते. नुसती सूचना लक्षात राहत नाही. दारावर आतल्या बाजूने, डोळ्यांच्या उंचीवर चिकटवलेले मांजराचे एक चित्र अधिक काम करते.

काही दिवशी मात्र कोणतीही शिकवण पुरी पडत नाही. साधू-साध्वी गोचरीसाठी येतात तेव्हा, किंवा आहारदानासाठी कुटुंब कलश घेऊन दारात उभे असते तेव्हा, दार उघडे राहणार आणि सर्वांचे लक्ष योग्य कारणासाठी अन्यत्र असणार. पर्युषणातल्या आणि दशलक्षण पर्वातल्या भेटीगाठी, घरातले लग्नकार्य, रंगारी, सामान हलवणारे कामगार ही त्याच जातीची निमित्ते. अशा वेळी आधीपासूनच एका शयनगृहात मांजराचे पाणी, खाद्य, विष्ठेची पेटी आणि ओळखीचे अंथरूण ठेवून दार लावावे आणि बाहेर चिठ्ठी लावावी. दिवाळीत तर हे आवश्यकच आहे. लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी दुकानी आणि घरी ये-जा चालू असते, बाहेर फटाके वाजतात आणि एरवी दाराकडे ढुंकूनही न पाहणारे मांजर भीतीने अंध होऊन धावते. त्या काही तासांची कोंडी त्याला जाचत नाही; उलट आडोसा मिळाल्याने ते सावरते.

नसबंदीचा विषय काढताच अनेक घरांत शांतता पसरते. शरीराला शस्त्र लावणे नकोसे वाटते आणि ही भावना समजण्यासारखी आहे. परंतु नसबंदी न झालेला बोका गंधामागे धावतो, त्यापुढे स्टूल आणि दाणे यांचे काही चालत नाही. मादी तर चार-सहा महिन्यांच्या वयातच माजावर येऊ शकते, गर्भ न राहिल्यास काही आठवड्यांनी पुन्हा येते, आणि एकदा निसटली तर सुमारे नऊ आठवड्यांनी पिल्ले होतात. त्या पिल्लांचे काय, याचे उत्तर पार्किंगमध्ये ओरडणाऱ्या त्या पहिल्या पिल्लातच आहे. भूल देऊन केलेली एक शस्त्रक्रिया एका पारड्यात आणि रस्त्यावर वाढणाऱ्या पिल्लांचे हाल दुसऱ्या पारड्यात घालून प्रत्येक घराने पशुवैद्याच्या सल्ल्याने निर्णय करावा. तो पुढे ढकलत राहणे हाही एक निर्णयच असतो, आणि तो बहुधा सर्वांत वाईट ठरतो.

घर रमणीय करण्यास फार खर्च येत नाही. मजबूत जाळी बसवलेल्या खिडकीत बसायला जागा दिली की समोरच्या झाडावरचे पक्षी त्याला तासन्‌तास पुरतात. डासांसाठी बसवलेल्या नाजूक जाळीवर विसंबू नये, ती नखांनी फाटते. आणि पुठ्ठ्याची खोकी! मांजराला त्यांहून प्रिय काही नाही, आणि व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा तुटवडा कधीच नसतो. बाहेर फिरवण्याची हौस असल्यास पट्टा बांधून फिरवता येते. मात्र त्याला टोपलीत घालून उंबरठा ओलांडावा. स्वतःच्या पायांनी दारातून बाहेर जाण्याची सवय लागली, की आधीचे सारे पाणी फिरते.

एवढे करूनही एखाद्या दिवशी दार उघडे राहते. त्या क्षणी मागे धावू नये. पाठलाग झाला की मांजर पळतच राहते. माणूस थांबला तर ते बहुधा पहिल्या आडोशाशी थांबते. एकाने इमारतीचे खालचे दार लावण्यास वॉचमनला सांगावे, दुसऱ्याने आपले दार उघडे ठेवून आत खाद्याचा डबा खुळखुळवावा, तिसऱ्याने जिन्यात खाली बसून हलक्या आवाजात हाक मारावी. सर्व मजल्यांची दारे सारखीच असल्यामुळे वरच्या-खालच्या मजल्यावरील त्याच जागेच्या सदनिकेत आधी चौकशी करावी. चपलांची कपाटे, कुंड्यांची मागची बाजू, मीटरची खोली, गच्चीचा जिना आणि मग पार्किंग, या क्रमाने पाहावे. गाड्या सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर थाप मारण्याची विनंती सर्वांना करावी, कारण घाबरलेले मांजर इंजिनाच्या उबेला जाऊन बसते.

घरातले मांजर बाहेर पडल्यावर मैलोगणती जात नाही. हरवलेल्या १,२१० मांजरांची माहिती तपासणारा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी एक तृतीयांश मांजरे सात दिवसांच्या आत मिळाली, आणि सापडलेल्यांपैकी ७५ टक्के निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आतच होती. स्वतः पायी फिरून कसून शोध घेतल्याने मांजर जिवंत सापडण्याची शक्यता वाढते, असेही त्यात दिसून आले. याचा व्यवहारातला अर्थ असा की, दूरच्या पेठांत चौकशी करीत हिंडण्याऐवजी आपलीच इमारत आणि शेजारच्या दोन इमारती पुन्हा पुन्हा पाहाव्यात. भेदरलेले मांजर मालकाच्या हाकेलाही ओ देत नाही, म्हणून आवाज आला नाही म्हणजे ते तिथे नाही, असे समजू नये. रात्री वर्दळ शमल्यावर टॉर्च घेऊन निघावे. प्रकाश पडला की त्याचे डोळे चमकतात. त्वचेखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवलेली असल्यास, ती वाचणाऱ्या यंत्रावर १५ अंकी क्रमांक दिसतो आणि मालकाचा शोध लागू शकतो. चिप स्वतःहून ठावठिकाणा सांगत नाही, हे मात्र ध्यानात असावे. ओढल्यावर सुटणारा गळपट्टा आणि त्यावर लिहिलेला दूरध्वनी क्रमांक हा साधा उपाय शेजाऱ्यांच्या अधिक उपयोगी पडतो.

सापडल्यावर झडप घालू नये. टॉवेल टाकून, अंगाशी धरून आणावे. ओरखडा किंवा चावा बसल्यास ती जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे. मांजराला कुत्र्याने चावल्याची शंका असल्यास त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. घरी आलेल्या मांजराला रागे भरू नये. पळण्याशी त्या रागावण्याचा संबंध ते जोडत नाही. परत आल्याबद्दल बोलणी बसली, एवढेच ते शिकते. एका शांत खोलीत पाणी आणि खाद्य ठेवून त्याला झोपू द्यावे.

आणि मग त्याच सायंकाळी दार कोणाच्या हातून उघडे राहिले, याची चर्चा घरात होतेच. आळ बहुधा आधी घरकामाच्या मावशींवर येतो. तो तोंडातून काढण्यापूर्वी प्रत्येकाने आपण शेवटचे आत आलो तेव्हा नजर खाली टाकली होती का, की कानाला फोन होता, हे स्वतःशी आठवून पाहावे.